पाकटाच्या पोटातून निघालेली चार पिल्लं (आणि सांगलीत समुद्र नाही)

कृष्णाकाठ (रविवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. हा धागा पाककृतीत टाकावा की विज्ञानात, ते कळेना. ॲडमिननी हवा तिथे हलवावा.

आज सकाळी लेकीला घेऊन मासळी बाजारात गेलो होतो. आम्ही सांगलीतले, गावभागातले. नेहमीच्या मावशींकडे रात्रीच्या गाडीनं रत्नागिरीहून आलेला माल होता, त्यात सुपाएवढं एक पाकट (तो चपटा मासा, इंग्रजीत स्टिंग रे). शेपटी आधीच उडवलेली. मावशींनी पोट चिरलं आणि आतून एकामागून एक चार पिल्लं बाहेर आली. तळहाताएवढी, दोन्हीकडचे पंख वर गुंडाळलेले, अगदी सुरळीच्या वडीसारखे. शेपट्या एकमेकींत अडकलेल्या. मावशी म्हणाल्या, "गाभण होती बाई," आणि मांजराकडे भिरकावणार तेवढ्यात लेक ओरडली, "मावशी, थांबा!"

लेक नववीत आहे. घरी येईपर्यंत स्कूटरवर तीन प्रश्न झाले. मासे तर अंडी घालतात, मग ही पिल्लं कशी? नाळ कुठेच दिसली नाही, मग आत खात काय होती? आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हाच विषय घेतला तर?

तिसऱ्या प्रश्नावर घोडं अडलंय. तिच्या सरांना संध्याकाळी फोन केला. ते म्हणाले, "सांगलीत समुद्र कुठाय? ऊस, हळद, द्राक्ष असलं काहीतरी घ्या, परीक्षकांना जवळचं वाटतं." मलाही ते अगदीच चूक वाटलं नाही. तुम्हाला काय वाटतं? कोणाला या प्राण्याबद्दल नीट माहिती असेल तर तीही द्या.

पिल्लं सध्या आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, फ्रीझरमध्ये. मार्गशीर्ष चालू आहे आणि आईला अजून सांगितलेलं नाही.

भडंग

आधी आईला सांगा. पिल्लांचं नंतर बघू.

घाटमाथा

सरांशी सहमत. उगाच वेगळं करायचं म्हणून करू नये. आमच्या कोरेगावात घेवड्यावर काम करायला पोरं मिळत नाहीत आणि सांगलीकर निघाले पाकटावर. शाळेत सूक्ष्मदर्शक धड चालत नाही, तिथे तुम्ही काय संशोधन करणार? चार पिल्लं बरणीत घालून वर लेबल लावणार. त्याला प्रकल्प म्हणत नाहीत, लोणचं म्हणतात.

देवगडकर

घाटमाथा, लोणचा नको म्हणू, तोंडाक पाणी सुटता. आमच्याकडे ह्येका वागळी म्हणतत. तिरफळां घातल्याशिवाय ती शिजवची नाय.

आता सरळ लिहितो. पोटात पिल्लं मिळणं आम्हाला नवीन नाही. जाळ्यात सापडली की ही मादी घाबरून डेकवरच पिल्लं टाकते, मुदत भरली असो वा नसो. लहानपणी काकांच्या होडीवर मी ती वेचून परत पाण्यात सोडायचो. काही पंख उलगडून सरळ खाली जायची, काही तरंगत राहायची. तरंगणाऱ्यांकडे काका बघू द्यायचे नाहीत.

हेमांगी_वाई

वास कसा घालवता हो त्याचा? एकदाच आणलं होतं, दोन दिवस फ्रीजमधल्या दुधालासुद्धा वास. नवऱ्यानं शपथ घातली.

देवगडकर

ताजं असलं तर वास नसतो. घाटावर पोचेपर्यंत बारा तास झालेले असतात, तिथे घोटाळा. कातडी काढायची, तुकडे हळद-मीठ आणि चिंचेच्या कोळात किंवा कोकमाच्या आगळात अर्धा तास ठेवायचे, ते पाणी फेकून द्यायचं. मग आलं-लसूण सढळ हातानं.

कऱ्हाडची नीला

मी पंचवीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. हेमांगीच्या वासापासूनच सुरू करते, कारण त्यात सगळं शास्त्र आहे.

समुद्राचं पाणी खारट, अंगातलं कमी खारट. अशा वेळी अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. सुरमई, बांगडा यांच्यासारखे हाडाचे मासे समुद्राचं पाणी पितात आणि जास्तीचं मीठ बाहेर टाकतात. शार्क आणि पाकट वेगळी युक्ती करतात. आपण जो युरिया लघवीवाटे टाकतो, तो हे रक्तात आणि स्नायूंत मुद्दाम साठवून ठेवतात. त्यामुळे आतबाहेरचा तोल राहतो. इतका युरिया प्रथिनांना घातक, म्हणून त्याला उतारा ठरणारं आणखी एक रसायनही सोबत ठेवतात. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. दोन दिवस फ्रीजमध्ये होता तो हा वास. आंबट पदार्थ अमोनियाला मारतो, म्हणून चिंच-कोकम. देवगडकरांच्या आजीला रसायनशास्त्र येत होतं.

गंमत म्हणजे ॲमेझॉन नदीत गोड्या पाण्यातली पाकटं आहेत. त्यांनी ही युरिया साठवायची सवयच सोडून दिली. नदीत तिची गरज काय?

बळीराजा_पलूस

थांबा थांबा. माशात युरिया? इथं दुकानदार लिंकिंगशिवाय, म्हंजे दुसरा माल गळ्यात मारल्याशिवाय, पोतं देईना आन् पाकट फुकटात घेऊन फिरतंय व्हय? उद्यापासून उसाला पाकटंच टाकतो.

भडंग

पाकटाबरोबर सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली घ्यावी लागेल, साहेब. लिंकिंग सगळीकडेच.

कऱ्हाडची नीला

😀 आता लेकीचे प्रश्न.

"मासे अंडी घालतात" हे बहुतेकांबाबत खरं, सगळ्यांबाबत नाही. या चपट्या कुळात सहाशेहून जास्त जाती आहेत, शार्कांपेक्षाही जास्त. त्यांत दोन रीती. स्केट नावाची शाखा अंडी घालते. चामड्यासारखी चौकोनी पिशवी, चार कोपऱ्यांना चार शिंगं, आत बलक आणि गर्भ. युरोपात किनाऱ्यावर रिकाम्या पिशव्या सापडतात, त्यांना लोक जलपरीचा बटवा म्हणतात. स्कॉटलंडकडच्या एका मोठ्या स्केटचं पिल्लू त्या बटव्यात सुमारे दीड वर्ष असतं.

दुसरी शाखा पाकटांची. ही अंडं पोटातच ठेवतात. सुरुवातीला पिल्लू बलकावर जगतं. बलक संपला की गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर झालरीसारखे बारीक धागे असतात, त्यांतून प्रथिनं आणि चरबी असलेलं दाट द्रव पाझरतं. त्याला गर्भाशयाचं दूधच म्हणतात. पिल्लं त्यातच असतात आणि त्यावरच वाढतात. म्हणून नाळ दिसली नाही. लेकीनं नाळ शोधली हे मात्र मला फार आवडलं.

तिला एक काम सांगते. कोकणातून फावड्यासारख्या चपट्या तोंडाची छोटी मुशी येते. ती शार्कच, दीड-दोन फुटांची. तिचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर असतं, बलक जवळपास नाहीच, पण तिला चक्क वार आणि नाळ असते. म्हणजे एकाच मावशीच्या एकाच टोपलीत दुधावर वाढणारी पिल्लं आणि नाळेवर वाढणारी पिल्लं शेजारी शेजारी मिळतील. घाटमाथा, हे लोणचं नव्हे.

घाटमाथा

मॅडम, माहिती उत्तम आहे, नाही म्हणत नाही. पण माहिती म्हणजे प्रकल्प नव्हे. मोजमाप काय? निष्कर्ष काय?

मिरजेची तार

पाकट म्हटलं की माझा डावा पाय दुखतो. दहा वर्षांपूर्वी तारकर्लीला गुडघाभर पाण्यात चालत होतो. वाळूत काहीतरी मऊ पायाखाली आलं आणि घोट्याजवळ तापलेली सळई घुसल्यासारखं झालं. बाहेर आलो तर दीड इंचाची चिरफाळलेली जखम. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, त्यांनी वर बर्फ ठेवला. बर्फानं कळ इतकी वाढली की मी, पस्तीस वर्षांचा बाप्या, मोठ्यानं आईला हाक मारली. शेवटी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजी आल्या आणि म्हणाल्या, पाय गरम पाण्यात घाला. सोसेल एवढ्या गरम पाण्याच्या बादलीत पाय ठेवला आणि अर्ध्या तासात माणसात आलो.

मिरजेचा डॉक्टर

आजी बरोबर होत्या. ते विष प्रथिनांचं असतं, उष्णतेनं बिघडतं. साधारण ४५ अंशांच्या आसपासचं पाणी, भाजणार नाही इतपतच, तासभर किंवा जास्त. दुसऱ्या पायानं आधी अंदाज घ्यावा, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. नंतर जखम स्वच्छ करून घ्यायची, काट्याचा तुकडा आत राहिलाय का बघायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर मात्र उपसायचा नाही, तसंच रुग्णालयात न्यायचं. २००६ साली टीव्हीवरचा तो ऑस्ट्रेलियन मगरवाला, स्टीव्ह आयर्विन, गेला तो पाकटाच्या छातीवरच्या वारानं.

शेपटी उडवून विकतात ती याचसाठी. शेपटीवरच्या काट्याला दोन्हीकडे उलटे दाते असतात, जाताना सहज जातो, येताना मांस फाडत येतो.

भडंग

हा आयर्विन वेगळा. आपला सांगलीच्या आयर्विन पुलावरचा वेगळा.

मिरजेचा डॉक्टर

माहीत आहे रे बाबा 🙂 पण या कुळाचं आमच्या धंद्यावर मोठं ऋण आहे, तेही सांगून टाकतो. टॉर्पेडो नावाचं पाकट असतं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वीज तयार करणारा अवयव. मोठ्या जातीचा झटका दोनशे व्होल्टपर्यंत जातो. रोमन काळात स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या वैद्यानं डोकेदुखीवर जिवंत टॉर्पेडो कपाळाला लावायला सांगितलं होतं. आता ऐकायला विनोदी वाटतं, पण तो विजेचा अवयव म्हणजे मुळात बदललेला स्नायू आहे. नसेकडून स्नायूला निरोप पोचतो तो ज्या प्रथिनामार्फत, ते माणसाच्या स्नायूत चिमूटभर आणि टॉर्पेडोत खच्चून भरलेलं. १९८२ साली जपानात शोसाकू नुमा यांच्या गटानं त्या प्रथिनाचं जनुक टॉर्पेडोपासूनच वाचलं. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात शरीर याच प्रथिनावर हल्ला करतं, पापण्या गळतात, गिळता येत नाही. असे रुग्ण आमच्याकडे मिरजेत जत, विजापूरपासून येतात.

बळीराजा_पलूस

दोनशे व्होल्ट? आमच्या मोटारीला रात्री तेवढंबी मिळत न्हाई. ईहीरीत सोडावं म्हणतो एक.

सदाशिवकाका_सातारा

सर्वांनी अवश्य वाचा. अमेरिकेत एका मत्स्यालयात एकट्या राहणाऱ्या पाकटाला शार्कपासून दिवस गेले!! कलियुग दुसरे काय. (फॉरवर्ड आलेले)

तासगावचा बेदाणा

काका, नमस्कार. फॉरवर्ड निम्मा खरा आहे. मी पुण्यात जनुकांच्या डेटावर काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या मत्स्यालयानं जाहीर केलं की शार्लट नावाची पाकटाची मादी गरोदर आहे आणि टाकीत नर पाकट नाही. टाकीत शार्क होते आणि तिच्या अंगावर चावल्याच्या खुणा होत्या, त्यावरून शार्कची अफवा उठली. शार्क आणि पाकट यांच्या वाटा वीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्यात. त्यांचा संकर शक्य नाही. महिने गेले, पिल्लं काही झाली नाहीत. मे अखेरीस त्यांनी सांगितलं की तिला प्रजननसंस्थेचा दुर्मीळ आजार आहे, आणि महिन्याभरात ती गेली. बिचारीवर मीम मात्र जगभर झाले.

पण "नराशिवाय पिल्लू" ही गोष्ट थोतांड नाही. अंडं तयार होताना मूळ पेशीची वाटणी होते. एका वाट्याचं अंडं होतं, उरलेले छोटे वाटे टाकाऊ म्हणून बाजूला पडतात. कधीकधी त्यातला एक टाकाऊ वाटा परत अंड्याला चिकटतो आणि शुक्राणूचं काम करून टाकतो. होणारं पिल्लू आईची हुबेहूब प्रत नसतं, पण त्याच्याकडे आईबाहेरचं काहीच नसतं. आणि नराचं गुणसूत्र आलेलंच नसल्यामुळे पिल्लू मादीच होते.

हे बंदिस्त टाकीतल्या शार्कांत आधीच दिसलं होतं. मोठी बातमी २०१५ ची. फ्लोरिडात करवत मासा, जो शार्कसारखा दिसतो पण पाकटांच्याच कुळातला आहे, त्यांची जनुकीय तपासणी चालू होती. उद्देश साधा होता, संख्या इतकी घटलीये तर नात्यातल्या नात्यात संबंध होतायत का ते बघायचं. त्यात सात माद्या अशा निघाल्या की त्यांना बापच नव्हता. तपासलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के. मोकळ्या पाण्यात, धडधाकट, पोहत असलेल्या.

सदाशिवकाका_सातारा

बेदाणासाहेब, धन्यवाद. मग माणसात का होत नाही? (हा फॉरवर्ड नाही, माझाच प्रश्न आहे.)

तासगावचा बेदाणा

काका, फर्मास प्रश्न. सस्तन प्राण्यांत काही जनुकांवर "आईकडून आलं" किंवा "बापाकडून आलं" असा शिक्का असतो. काही फक्त आईकडची चालतात, काही फक्त बापाकडची. दोन्ही शिक्के नसले की गर्भ पुढे सरकत नाही. २००४ मध्ये जपानात शिक्क्यात फेरफार करून दोन आयांची उंदरीण जन्माला घातली, कागुया तिचं नाव. पण त्यासाठी प्रयोगशाळेत खटाटोप करावा लागला. पाकटांत ही शिक्क्यांची अडचण नसावी असंच या बापाविना झालेल्या पिल्लांवरून दिसतं.

हेमांगी_वाई

सात माद्या, बापाचा पत्ता नाही आणि सगळं सुरळीत चाललंय. मी काही बोलत नाही.

घाटमाथा

बरं, मला खरंच कुतूहल आहे म्हणून विचारतो. हे चपटे झाले कसे? पोळी लाटल्यासारखे?

तासगावचा बेदाणा

अखेर घाटमाथा गळाला लागले 😀

पाकट म्हणजे पोटावर झोपलेला शार्क. (लेपा वेगळा, तो एका कुशीवर झोपतो, म्हणून त्याचे दोन्ही डोळे एकीकडे.) पाकटाचे "पंख" म्हणजे पुढचे दोन पर, आपल्या हातांच्या जागी असलेले. ते पुढे वाढत वाढत डोक्याला जाऊन चिकटले. प्रश्न असा की त्यासाठी नवी जनुकं आली की जुनीच वेगळी वापरली?

२०२३ मध्ये 'नेचर'मध्ये लिटल स्केट नावाच्या छोट्या स्केटचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, प्रसिद्ध झाला. लंडन, बर्लिन, सेव्हिल, अमेरिकेतलं रटगर्स अशा ठिकाणच्या गटांनी मिळून केला. सुमारे २.२ अब्ज अक्षरं, माणसाची तीन अब्जांवर. उत्तर थोडक्यात असं की सामान बहुतेक जुनंच, मांडणी बदलली.

सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हे कालव्यावरून पटकन कळेल. डीएनए सरळ दोरा नसतो, त्याच्या घड्या पडून कप्पे झालेले असतात. प्रत्येक कप्प्यात काही जनुकं आणि ती चालू-बंद करणारी बटणं. बटण म्हणजे पाण्याचं दार समजा. दार उघडलं की पाणी त्याच बांधाच्या आतल्या वाफ्यांना मिळतं, शेजाऱ्याला नाही. स्केटच्या पूर्वजांत गुणसूत्रांचे काही तुकडे इकडचे तिकडे झाले आणि काही ठिकाणी बांध सरकला. मग जे दार एका वाफ्यासाठी होतं ते दुसऱ्यालाही पाणी देऊ लागलं. प्रिकल-१ नावाचं एक जनुक पेशींना "तोंड कुठल्या दिशेला करायचं" ते सांगणाऱ्या यंत्रणेतलं आहे, ते असं परांच्या पुढच्या भागात चालू झालेलं दिसलं. शिवाय हॉक्स नावाच्या जनुकांचं एक बटण स्केटमध्ये पराच्या पुढच्या बाजूलाही काम करतं. दोन्ही मिळून पर पुढे पसरला.

बळीराजा_पलूस

म्हंजे बांध कोरला. एवढंच सांगायचं होतं की. आमच्या भावकीत तीन पिढ्या हेच चाललंय, पर पंख काय फुटलं न्हाईत कुणाला.

मिरजेची तार

बळीराजा 🙏 हसून चहा सांडला.

तासगावचा बेदाणा

बळीराजांनी माझ्या चार परिच्छेदांचं तीन शब्दांत काम केलं. यापुढे ऑफिसात मीही "बांध कोरला" असंच सांगणार.

अजून एक, मग थांबतो. हाच लिटल स्केट समुद्राच्या तळावर चालतो. मोठे पंख स्थिर ठेवून मागच्या दोन छोट्या परांनी डावं-उजवं, डावं-उजवं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटानं दाखवलं की त्याच्या मणक्यातल्या चालवणाऱ्या चेतापेशी आणि त्या घडवणारी जनुकं उंदरांच्या पायांसारखीच आहेत. त्यांचा आणि आपला सामाईक पूर्वज सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे चालण्याची जोडणी जमिनीवर यायच्या आधीच तयार होती.

देवगडकर

हे सगळं वाचून बरं वाटलं, पण एक बोलतो. पूर्वी करवत मासा आमच्या आजोबांच्या जाळ्यात यायचा. एका घरात त्याची करवत भिंतीला टांगलेली मी पाहिली आहे. जिवंत मात्र मी आयुष्यात पाहिला नाही. आता तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. पाकटंही लहान लहान मिळू लागलीत. गाभण मादी बाजारात आली की माझं मन खट्टू होतं.

हेमांगी_वाई

मग खायचं नाही का? स्वस्त मासा आहे तो. पापलेट परवडणारे लोक उपदेश करतात.

देवगडकर

ताई, मी उपदेश नाही केला, मी स्वतः खातो. जाळं ओढलं की जे येतं ते येतं, पाकट निवडून कोण पकडतो? मोठा ट्रॉलर तळ खरवडून नेतो, तिथे दुखणं आहे.

कऱ्हाडची नीला

दोघांचंही बरोबर आहे. अडचण अशी की सुरमई लाखोंनी अंडी सोडते, पाकटाला एका वेळी दोन-चार-सहा पिल्लं, तीही वयात यायला वर्षं लागल्यावर. इतकी सावकाश वाढणारी जात जोरात मारली की भरून येत नाही. २०२३ च्या डिसेंबरात जावा बेटाजवळचं एक छोटं पाकट नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याचा जगात एकच नमुना आहे, तो १८६२ साली जाकार्ताच्या मासळी बाजारातून घेतलेला. बाजारातून, बरं का कृष्णाकाठ.

आणि ओळख पटवणं हेसुद्धा मोठं काम आहे. युरोपात "कॉमन स्केट" म्हणून एक जात ऐंशीएक वर्षं पुस्तकांत होती. २०१० च्या सुमारास शरीररचना आणि डीएनए तपासल्यावर त्या दोन वेगळ्या जाती निघाल्या. मोठी आणि जास्त धोक्यातली जात लहान जातीच्या नावाआड झाकली गेली होती.

घाटमाथा

मुद्दा तोच. डीएनए तपासणारं यंत्र शाळेत आहे का?

तासगावचा बेदाणा

नाही. पण लोकांनी तपासलेला डीएनए इंटरनेटवर फुकट पडलाय. जाती ओळखायला एका जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वापरतात, दुकानातल्या बारकोडसारखा. पाकट, मुशी, सुरमई आणि माणूस, चौघांचे तुकडे उतरवून एकाखाली एक मांडायचे आणि किती अक्षरं वेगळी ते मोजायचं. मोबाइलवर होतं. याला समुद्र लागत नाही, तासगावला मी हेच करतो दिवाळीच्या सुट्टीत.

कऱ्हाडची नीला

आणि मोजमाप बाजारात. दर रविवारी किती पाकटं, रुंदी किती, नर की मादी, पोटात पिल्लं किती. नर ओळखणं सोपं, शेपटीच्या मुळाशी दोन कांड्यांसारखे अवयव असतात. पिल्लांतही दिसतात. कृष्णाकाठ, तुमची चार कोण आहेत?

आणि डबा फ्रीझरमध्येच ठेवा. फॉर्मॅलिनला मुलीनं हात लावायचा नाही, शिवाय त्यात ठेवलं की पुढे डीएनए काढणं अवघड जातं.

कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री ११:०५)

आज आई देवळात गेल्यावर डबा उघडला. लेकीनं भिंग घेऊन बघितलं. फोटो खाली दिलाय. चारही पिल्लांना कांड्या नाहीत. चारही माद्या!!

तिनं बेदाण्यांचा प्रतिसाद वाचलाय. सगळ्या माद्या म्हणजे बाप नाही, असं म्हणून घरभर नाचतेय.

सदाशिवकाका_सातारा

सांगलीत चमत्कार! पुढे पाठवू का?

तासगावचा बेदाणा

काका, हात जोडतो, थांबा.

लेकीला सांगा, नाणं चार वेळा उडवून चारही वेळा छापा पडण्याची शक्यता सोळात एक. रोज बाजारात बसलात तर महिन्या-दोन महिन्यांत अशी चार माद्यांची वीण साध्या नशिबानंही दिसेल. बाप होता की नव्हता हे ठरवायला आई आणि पिल्लं दोघांचा डीएनए ताडून बघावा लागतो. आईचा तुकडा ठेवलाय का?

कृष्णाकाठ

आईचं रविवारीच कालवण झालं. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, तुम्ही पुरावा खाल्लात."

घाटमाथा

😀😀 हे बेष्ट. आणि हे खरं तर प्रकल्पातच लिहा. परीक्षक म्हणून मी दोनदा बसलोय, "काय चुकलं" हे कोणीच लिहीत नाही. मोजमाप करत असाल तर माझा विरोध मागे.

कृष्णाकाठ (पुढचा रविवार, दुपारी ३:४०)

अहवाल देतो. पहाटे साडेपाचला दोघं बाजारात हजर. लेकीजवळ शिवणाची टेप, वही आणि प्लास्टिकचे हातमोजे. मावशींनी आधी वेड्यात काढलं, मग बाजूच्या दोघींना हाक मारून स्वतःच पाकटं उलटी करून दाखवायला लागल्या. नरमादी त्यांना न बघता, नुसत्या हातानं कळते. "दांडेवाला" आणि "बिनदांड्याची" म्हणतात.

आज आठ पाकटं. पाच माद्या, तीन नर. सर्वांत मोठं २ फूट १ इंच रुंद. एकीच्या पोटात तीन पिल्लं, त्यातली दोन नर. म्हणजे दोन्ही रविवार मिळून सात पिल्लं, नर दोन. चमत्कार रद्द. लेक दहा मिनिटं गप्प होती, मग तिनं वहीत नवीन रकाना आखला.

नीलाताई, चपट्या तोंडाची मुशीही मिळाली. पोटात सहा पिल्लं आणि प्रत्येकाला नाळ! हातात धरून बघितली. दोऱ्यासारखी बारीक, वर केसाळ. सरांना फोटो पाठवला, त्यांचा उलट फोन आला की मुशी कुठल्या मावशींकडे मिळते.

आता वाईट बातमी. आईनं बर्फाचा ट्रे काढताना डबा उघडला. ऐन मार्गशीर्षात. पुढचं इथे लिहिता येणार नाही. पण ओरडून झाल्यावर तिनं लेकीला जवळ बसवून विचारलं, "पोटुशी होती व्हय गं ती? किती महिन्यांची?" आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही. डबा सध्या शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये आहे.

भडंग

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.